दुसरा कागद

नियमांच्या पुस्तकाची एकशे ऐंशी पानं,
त्यातली एकशे दहा हत्यारांची.
भाला किती लांब, तलवार किती जड,
पाठीमागून वार केला तर फासे किती.
बोलण्याला अर्धं पान,
तेही घोड्याचा भाव पाडण्यापुरतं.

खामल्यात, ढाकुलकरांच्या वरच्या खोलीत आम्ही.
मे महिना, कूलरला नवा वाळा,
मधे पाट, पाटावर वीस बाजूंचा फासा.
खेळ चालवायचा मी. म्हणजे वारा मी, राजा मी,
वेशीवरचा दरवान मी, त्याची बायकोही मीच.

बोकडे वीज कंपनीत मीटर वाचतो,
मुंग्यांची रांग दिसली तर ओलांडून जातो.
पहिल्याच रात्री म्हणाला, मी तलवार काढतो.
दरवानानं फक्त नाव विचारलं होतं.
“काऊन बे?”
“मंग काय करू? मारल्याचे पन्नास गुण आहेत.
नाव सांगितल्याचे किती, ते सांग.”

मी पुस्तक चाळलं.
नव्हते.

दिवाळीपर्यंत तीन गावं ओस पडली.
प्रचिती बालवाडीत शिकवते,
तिनं पाणपोईवरची म्हातारी मारली पाच गुणांसाठी
आणि म्हणाली, तर्री इकडे सरकव.
आमच्यात कुणी दुष्ट नव्हतं, हे शपथेवर सांगतो.
कागदावर जेवढे चौकोन छापले होते
तेवढ्यातच आम्ही राहायला गेलो होतो.

एकदा रात्री परतताना
अजनीच्या पुलावर स्कूटर बंद पडली.
किक मारता मारता वाटलं,
आपल्या घरी गुण कशाचे होते?

गप्प बसण्याचे.
बाबा जेवताना कुणी काही विचारलं नाही की एक,
रडू आलं आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं की दोन.
दादा त्या खेळात फार पुढे गेला,
पार पुण्यापर्यंत.
ती गोष्ट कोणत्या प्रकारची होती, अजून ठरवता आलेलं नाही.
विनोदी नव्हती, एवढं नक्की.

सीताबर्डीवर झेरॉक्स काढल्या, दोन रुपयाला एक.
ताकद, चपळाई तशीच ठेवली.
मारल्याचे गुण शून्य.
खाली अंगठ्याएवढा एक चौकोन:
घरी कोण वाट पाहतं?
आणि एकच नियम, फासा उलटा पडला
तर त्या माणसाबद्दल एक गोष्ट सांगायची,
मग पुन्हा टाकायचा.

फैजाननं लगेच ‘अम्मी’ लिहिलं, खोडलं,
‘अम्मीची बकरी’ लिहिलं.
बोकडे पेन्सिल धरून बसला.
कूलरमधलं पाणी संपलं, मोटर कोरडी घरघरायला लागली,
कुणी उठलं नाही.
मग त्यानं लिहिलं, परीक्षेतल्यासारखा
तळहात आडवा धरून.

वेस तीच. दरवान तोच. मी नाव विचारलं.
बोकडेला तीन पडले.
बराच वेळ तो फाशाकडेच बघत होता.
म्हणाला, “घरी एक जण आहे.
तिच्या पायाला पट्टी आहे,
दार उघडायला वेळ लावते.
मी सांगून निघालो नाही.”

दुसऱ्यांदा किती पडले, कुणी पाहिलंच नाही.
प्रचितीनं विचारलं, मग तू परत कधी जाणार?
दोन तास आम्ही वेशीबाहेरच होतो.
दरवानानं चहा टाकला.
त्याच्या बायकोला नाव द्यावं लागलं मला,
घाईत सुचलं ते, काशीबाई.

जिन्यात चप्पल घालताना बोकडे म्हणाला,
“डेंजर आहे बे हा.
पुढच्या शनिवारी तलवारीचाच ठेव.”

आता दोन्ही कागद पिशवीत असतात.
दारातूनच विचारतात, आज कोणता?
आणि उत्तराप्रमाणे बसतात,
भिंतीला टेकून, नाहीतर पाटाजवळ.

प्रचिती परवा थांबली होती सगळे गेल्यावर.
ती पाणपोईवरची म्हातारी, म्हणाली,
तिला परत आणायचा काही नियम आहे का?
मी म्हटलं, पाहून सांगतो.
पाहिलंय मी.
दोन्हींत नाही.